पत्ता बालगृहाचा

पोरीला आधी नोकरीला लावू, बाकीचं मागाहून बघू, असा माझा हिशेब होता. बालगृहातून अठरा पूर्ण होऊन बाहेर पडलेली ही मुलगी ओळखीतून आमच्या अष्टमी गावात माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी धाटावच्या एमआयडीसीत शब्द टाकून तिला पॅकिंगच्या कामाला लावलं. निवृत्त शिक्षिकेला एवढं जमलं, याचं कौतुक सगळ्यात जास्त मलाच.

कायदा मी नंतर वाचला. 2015 च्या बाल न्याय कायद्यात संस्था सोडणाऱ्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्याची तरतूद आहे, त्यासाठी अनुरक्षण गृहं आहेत. 2018 पासून महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षणही आहे. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी त्यासाठी झगडा केला होता. मात्र त्याला महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. त्या कामासाठी अलिबागला जायचं म्हणजे खाडा, आणि ‘नवी नोकरी आहे, खाडा करू नकोस’ असं बजावणारी मीच. तिला नर्सिंग करायचं होतं. त्या वर्षीची प्रवेशाची मुदत तशीच निघून गेली.

पासबुकही मी माझ्या कपाटात ठेवलं. पैसे उडवील म्हणून. (पहिला पगार मी स्वतः कसा उडवला होता, ते इथे सांगत नाही.) भात टाकायची तो पंगतीला पुरेल एवढा, कारण लहान पातेल्यात तिने कधी रांधलंच नव्हतं. त्यावरूनही मी बोलले.

तिच्या आधार कार्डावर पत्ता बालगृहाचा होता. ते कार्ड कुणापुढे धरायला ती कचरायची. आणि मी किराणावाल्यापासून शेजारणींपर्यंत सगळ्यांना, ‘पोरकी आहे हो, सांभाळून घ्या,’ असं सांगत सुटले. लोकांनी सांभाळलंही. जुने ड्रेस दिले, आणि दोघींनी बिजवरांची स्थळं आणली. हिला कुठेही देऊन टाकलं तरी चालेल, हे त्यांना माझ्याच बोलण्यातून कळलं असणार.

पुढे पनवेलला मैत्रिणींबरोबर तिने खोली घेतली. प्रमाणपत्राचा अर्ज तिचा तिनेच केला. निघताना नवा पत्ता लिहून घ्यायला मी वही काढली.

“नंतर कळवते, बाई,” ती म्हणाली. “तुम्ही लगेच सगळ्यांना सांगाल.”