सात, चार, नऊ

वापरलेल्या वस्तूला आपण मराठीत जी नावे देतो, त्यांत थोडी हेटाळणी असते. 'जुनी', 'सेकंडहँड', फारच सौजन्य दाखवायचे झाले तर 'वापरलेली'. जपानी भाषेत अशा गाडीला 'चूकोशा' म्हणतात. त्यातील 'चूको'चा शब्दशः अर्थ 'मध्यम जुनी'. वयाच्या बावन्नाव्या वर्षी हा शब्द मला विशेष आवडला, हे वेगळे सांगायला नको.

संशोधनवृत्तीच्या निमित्ताने मी दोन वर्षे हिरोशिमात राहिलो. तेथे मी 1992 साली तयार झालेली लाल 'युनोस रोडस्टर' विकत घेतली. माझदाची ही गाडी दोन आसनांची. इंजिन 1.6 लिटरचे, वजन जेमतेम 940 किलोंच्या घरात. कापडी छत हाताने मागे दुमडायचे. बटण दाबले की पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येत. पत्नीने फोनवर विचारले, "अहो, दोनच जागा? आणि आता, या वयात?" यातील दुसरा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी पदवीचा अर्ज भरताना आपापल्या घरी ऐकला असेल. पहिल्यामागे आपली सगळी कुटुंबव्यवस्था उभी आहे. आपली गाडी सर्वांना घेऊन लग्नाला जाते, परतताना गावाकडचे तांदूळ आणते. निव्वळ चालवण्याच्या सुखासाठी घेतलेल्या गाडीचे समर्थन मला करता आले नाही. मी ते केलेही नाही.

भाषेच्या अभ्यासकाचा प्रवास गाडीच्या नावापासूनच सुरू होतो. संस्थापक जुजिरो मात्सुदा यांचे आडनाव आणि अवेस्तातील 'अहुर मझ्दा' हे दैवत यांचा मेळ 'माझदा' या नावात घातलेला आहे. अवेस्तातील 'मझ्दा'चे आपल्या 'मेधा'शी सख्खे नाते आहे आणि 'अहुर'चे 'असुर'शी. हिरोशिमात बनलेल्या यंत्रावर ओळखीचा शब्द भेटला की परकेपणा थोडा उतरतो.

पण गाडी 'आपली' केव्हा होते? 'मला दोन बहिणी आहेत' असे आपण म्हणतो. 'मला गाडी आहे' असे सहसा म्हणत नाही. तेथे 'माझ्याकडे गाडी आहे' असेच म्हणावे लागते. नाती 'मला' असतात, वस्तू 'माझ्याकडे' असतात, म्हणजे उद्या त्या दुसऱ्याकडेही असू शकतात. जपानी भाषा वेगळी रेघ ओढते: सजीवांसाठी 'इरु', निर्जीवांसाठी 'आरु'. मात्र गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या टॅक्सीला जपानी माणूस 'इरु' लावू शकतो, कारण आत चालक बसलेला असतो! माझी गाडी तर नियमानेच 'माझ्याकडे'पुरती होती. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणता येत नाही. ही पंचवीस वर्षांची. जे सोडूनच जायचे आहे, त्यावर स्वतःची खूण कशाला करायची, हा प्रश्न मला अधूनमधून छळत असे.

तरीही मी ती केली. दसऱ्याला झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळ्या शेवंतीचा हार घातला. शेजारच्या आजी दचकल्या, कारण तेथे शेवंती थडग्यावर वाहतात. त्याआधीची खूण क्रमांकाची होती. जपानमध्ये 1999 पासून देशभर पसंतीचा क्रमांक मागता येतो आणि अंकांच्या उच्चारांतून शब्द जुळवण्याची तेथील लोकांना भारी हौस. 2525 म्हणजे 'निको-निको', हसतमुख. मी कागदावर मांडून पाहिले: सात म्हणजे 'ना', चार म्हणजे 'शि', नऊ म्हणजे 'कु'. नाशिकु! शेवटचा 'उ' जपानी तोंडात जवळजवळ विरून जातो, तेव्हा ऐकू येते ते थेट माझे गाव.

विक्रेत्याने मात्र अदबीने दोनदा विचारले, "नक्की हाच?" 'शि' म्हणजे मृत्यू, 'कु' म्हणजे यातना, म्हणून 49 ने संपणारे क्रमांक क्रमवारीतून वगळतात, आवर्जून मागितला तरच देतात. मी आवर्जून मागितला. चौथ्या अंकाच्या जागी ठिपका आणि पुढे 749, अशी पाटी लागली.

ओनोमिचीहून बेटांवरून, पुलांमागून पूल ओलांडत इमाबारीकडे जाणारा शिमानामी मार्ग सुमारे 60 किलोमीटरचा. ऑक्टोबरात छत उघडून मी तो किती वेळा पार केला, याची मोजदाद नाही. खाली समुद्र, इकुचिजिमा बेटावर लिंबांच्या बागा. या गाडीच्या निर्मात्यांनी 'जिंबा इत्ताइ', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हा शब्द ध्येय म्हणून समोर ठेवला होता. जाहिरातीच्या शब्दांवर माझा विश्वास नसतो. पण दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना चाकाखालची खडी तळहाताला कळत असे, एवढे खरे.

निघण्यापूर्वी गाडी हिरोशिमातल्याच एका तरुणाला विकली. त्याच विभागात नोंदणी असल्याने पाटी बदलणे सक्तीचे नव्हते. पाहिजे तर बदलून घ्या, अशुभ मानतात म्हणे, असे मी त्याला सांगितले. त्याने अंक पुटपुटून पाहिले आणि याचा अर्थ काय, असे विचारले.

"गाव," मी म्हणालो. "माझे."

त्याने पाटी तशीच ठेवली.