दीडशे ग्रॅमचा प्रश्न

पेढीवर आयुष्यभर काट्याचा व्यवहार केलेल्या पित्याला मुलाचा हट्ट प्रथम उमगला नाही: सायकलचा क्रँक कार्बनचाच हवा. अ‍ॅल्युमिनियमहून तो शे-दीडशे ग्रॅम हलका. भरलेल्या पाण्याच्या बाटलीचा तिसरा हिस्साही नाही. किंमत मात्र दुप्पट. शिमानोचा सर्वांत वरचा ड्यूरा-एस क्रँकही अ‍ॅल्युमिनियमचाच असतो, हे मुलाला ठाऊक होते. मोह काळ्या झळाळीचा होता. अर्थात धातूही निर्दोष नव्हे. २०२३ साली त्याच कंपनीने चिकटवून जोडलेले काही क्रँक, सांधा सुटण्याच्या भीतीने, तपासणीसाठी मागवले. तरी धातूचा तडा पुसून पाहिल्यास बहुधा दिसतो. कार्बनच्या आतली फाट अनेकदा दिसत नाही. परिग्रह-परिमाण घेतलेल्या आईने किंमत विचारलीच नाही. घाटाच्या उतारावर तो तुटला तर काय, एवढेच विचारले. अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक आला, उरलेल्या पैशांत नवे टायर.