पद्मिनीचे वारस : जुन्या मोटारींचा छंद पुढच्या पिढीत टिकेल का?

१/२०
३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ‘प्रीमियर पद्मिनी’ ही काळी-पिवळी टॅक्सी अधिकृतरीत्या उरली नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा होती, ती पूर्ण झाली. वृत्तपत्रांनी निरोपाचे लेख छापले, लोकांनी छायाचित्रे काढली. त्या गडबडीत एक प्रश्न मागे राहिला. या गाड्यांवर जीव लावणारी पिढी सरली, की जुन्या मोटारी जपण्याचा छंदही सरेल का? आजचा धागा त्याविषयी.

२/२०
मित्रहो, हा प्रश्न माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा नाही. आमच्या पुण्याच्या घरी १९७८ सालची पद्मिनी उभी आहे. आजोबा कराडला डॉक्टर होते. रात्री-अपरात्री खेड्यापाड्यांतील रुग्णांकडे ते याच गाडीने जात. त्यांच्यानंतर ती बाबांनी सांभाळली. बाबा आता ६८ वर्षांचे आहेत. परवा त्यांनी शांतपणे सांगितले, “२०२८ मध्ये नोंदणीची मुदत संपते. त्या वेळी अर्जावर सही तुझी असेल, तरच गाडी ठेवू. नाहीतर भंगारवाल्याशी आत्ताच बोलून घेतो.”

३/२०
उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये सिंदिया नौकानयन कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला, १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना उभारला आणि १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स’ची स्थापना केली. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्यांचे भाग परदेशातून येत आणि येथे जोडले जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला.

४/२०
स्वतंत्र भारताच्या सरकारला केवळ जोडणी नको होती. १९५३ मध्ये धोरण ठरले, की ज्यांना सुटे भाग येथेच बनवायचे असतील त्यांनीच या व्यवसायात राहावे. त्यानंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी भारतातील जोडणीचे कारखाने बंद केले. प्रीमियरने मात्र टप्प्याटप्प्याने देशी भाग वाढवत नेले. गॅस्केटपासून गिअरपर्यंत अनेक वस्तू बनवणारे लहान-मोठे कारखाने त्यामुळे उभे राहिले. पुढे पद्मिनी ज्या बळावर तगली, ते बळ येथून आले.

५/२०
१९५४ मध्ये आलेल्या फियाट ११०० ला तिच्या आकारावरून मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. १९६४ मध्ये ‘डिलाईट’ आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून चित्तोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’ म्हणून विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, मागच्या चाकांना गती आणि स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा. मूळ आराखडा इटलीत केव्हाच मागे पडला होता. कुर्ल्यात तो शतक संपेपर्यंत चालला.

६/२०
इतका दीर्घकाळ का? कारण परवान्यांच्या राज्यात किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी आणि ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाही. एकदा मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालवणे भागच असे. म्हणून दुरुस्तीची एक अफाट संस्कृती जन्मली. भाग बदलण्यापूर्वी तो पुन्हा वापरता येईल का, हे पाहणारे मिस्त्री प्रत्येक तालुक्याच्या गावी होते. त्यांच्या हातातील कौशल्य टंचाईने घडवलेले होते.

७/२०
त्या काळी ‘जुन्या मोटारींचा छंद’ म्हणजे वेगळेच जग होते. संस्थानिकांच्या रोल्स-रॉईस, ब्युइक आणि पॅकार्ड गाड्या, त्या जपणारे उद्योगपती आणि १९६४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘स्टेट्समन’ रॅली. डॉक्टर, वकील आणि टॅक्सीवाले यांची फियाट त्या जगात कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. ती रोजच्या वापरातील वस्तू होती. मध्यमवर्गाच्या घरातील गाडी हा वारसा ठरू शकतो, ही कल्पना फार अलीकडची आहे.

८/२०
आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पद्मिनी जपणाऱ्या हौशी माणसाला अनेक वर्षे सगळे सहज मिळत गेले. क्लच प्लेट हवी असेल तर कुर्ल्याला जावे, आरसा किंवा दिवा हवा असेल तर चोर बाजारात शोधावा, पुण्यात असाल तर नाना पेठेत चौकशी करावी. हे भाग दुकानांत का असत? मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सी रोज धावत होत्या म्हणून. त्या रोज झिजत आणि रोज दुरुस्त होत. हौशी माणसाचा छंद टॅक्सीचालकाच्या पोटापाण्यावर उभा होता. त्याची जाणीव तेव्हा कोणाला नव्हती.

९/२०
हा आधार एका दिवसात गेला नाही. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला. २००८ मध्ये मुंबईतील टॅक्सींना २५ वर्षांची मर्यादा घातली गेली, २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आली. गाड्या कमी होत गेल्या, तसे भाग बनवणाऱ्यांनी साचे मोडीत काढले. मिस्त्रींच्या मुलांनी संगणकावर दोष दाखवणाऱ्या गाड्यांचे काम धरले. त्यांनी योग्यच केले. पोट तेथे होते.

१०/२०
छंदाच्या भवितव्याविषयी बोलताना नेहमी एक विधान ऐकू येते : “ज्यांनी या गाड्या तरुणपणी पाहिल्या, त्यांनाच त्यांचे प्रेम. ते गेले की संपले.” थोडक्यात, छंदाचे मूळ आठवणीत आहे. हे विधान पटण्यासारखे वाटते. परंतु इतिहासाने ते एकदा खोटे पाडले आहे. त्यासाठी थोडा वेळ इंग्लंडला जाऊ.

११/२०
१४ नोव्हेंबर १८९६. मोटारींवरील ताशी ४ मैलांची मर्यादा आणि वाहनापुढे माणूस चालवण्याची सक्ती त्या दिवशी रद्द झाली. त्या आनंदात लंडन ते ब्रायटन अशी मोटारींची फेरी निघाली. १९२७ मध्ये हौशी मंडळींनी जुन्या गाड्या बाहेर काढून ती फेरी पुन्हा केली. महायुद्धासारखे काही खंड वगळता ती आजही दर नोव्हेंबरमध्ये निघते आणि तिच्यात १९०५ पूर्वीच्या मोटारी धावतात.

१२/२०
विचार करा, १९०५ पूर्वीची मोटार नवी असताना पाहिलेले कोणीही आज हयात नाही. आठवण हाच आधार असता, तर ही फेरी अर्ध्या शतकापूर्वीच थांबली असती. ती चालू आहे, कारण त्या गाड्यांचे इंजिन कसे सुरू करायचे, पितळी दिवे कसे लावायचे, लाकडी चाक कसे दुरुस्त करायचे हे कोणीतरी कोणालातरी शिकवत आले. आठवण माणसासोबत जाते. शिकवलेले काम मागे राहू शकते.

१३/२०
तरुणांना जुन्या गाड्या आवडतच नाहीत, हेही खरे नाही. त्यांच्या गाड्या वेगळ्या आहेत, इतकेच. १९९७ मध्ये जपानमध्ये ‘ग्रान तुरिस्मो’ हा संगणकीय खेळ आला आणि जगभरच्या मुलांनी निस्सानची स्कायलाईन प्रथम पडद्यावर चालवली. अमेरिकेत मूळ मानकांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षांची झाल्यावरच आयात करता येते. १९९९ ची स्कायलाईन २०२४ मध्ये त्या वयाची झाली. कित्येक अमेरिकी तरुण त्या वर्षाची वाट पाहत होते.

१४/२०
आपल्याकडे तीच जागा मारुती ८०० घेईल, असे मला वाटते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला दिली गेली. ती गाडी पुढे पूर्ववत करण्यात आली आणि २०२२ मध्ये कंपनीच्या मुख्यालयात मांडण्यात आली. वडिलांच्या पिढीला जी ‘साधी गाडी’ वाटते, ती मुलांच्या पिढीला ऐतिहासिक वाटू लागते. फियाटच्या बाबतीतही नेमके हेच घडले होते.

१५/२०
मग अडचण कोठे आहे? एक अडचण कायद्यात आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नियम केले. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातील दुचाकी वा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. म्हणजे टॅक्सी गेली आणि पुढच्याच वर्षी तिची थोरली भावंडे ‘विंटेज’ होण्याच्या वयात आली.

१६/२०
परंतु खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यापुढे पन्नाशीपर्यंतची ३५ वर्षे ती कायद्याच्या दृष्टीने केवळ ‘जुनी गाडी’. दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. २०२२ मध्ये त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, ‘फिवा’ची, व्याख्या ३० वर्षांची आहे, ब्रिटन ४० व्या वर्षी वार्षिक तपासणीतून सूट देतो. आपल्याकडे तरुणाला परवडेल अशी गाडी नेमकी या ३५ वर्षांच्या दरीत असते.

१७/२०
दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जुन्या इंजिनाला धूर शुद्ध करणारे यंत्र नसते; दर किलोमीटरमागे ते नव्या गाडीपेक्षा पुष्कळ अधिक प्रदूषण करते. दिल्लीसारख्या शहराने कडक नियम केले, त्यामागे मुलांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे आणि तो माझ्या छंदापेक्षा मोठा आहे. म्हणून मी रोजच्या वापराची सूट मागत नाही. वर्षातून काही शे किलोमीटर, नीट जुळवलेले इंजिन आणि त्याची तपासणी, एवढ्यावर तडजोड होऊ शकते. मात्र इंजिन नीट जुळवणारा माणूस त्यासाठी हवा.

१८/२०
आमचे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले आहेत. गेले सहा महिने मी दर रविवारी त्यांच्याकडे जातो. इग्निशनच्या पॉइंटमधील अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर ते पट्टी न लावता डोळ्यांनी सांगतात आणि मग माझ्याकडून पट्टीने मोजून घेतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने पंपाचा रबरी पडदा फुगतो, तो कसा ओळखायचा हे त्यांनी दाखवले. त्यांचा हात आता थरथरतो. “दिवाळीपर्यंत येतो, पुढचे सांगत नाही,” असे ते म्हणाले. मी विचारले, आजवर कोणी शिकायला आले होते का? ते म्हणाले, “गाडी घ्यायला खूप आले. शिकायला तू.”

१९/२०
हे काम संस्थाही करू शकतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मॅकफर्सन नावाचे एक लहान महाविद्यालय आहे. १९७६ पासून तेथे जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराचे शिक्षण दिले जाते. आज त्यात चार वर्षांची पदवी मिळते. २०२३ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी पूर्ववत केलेली १९५३ सालची मर्सिडीज पेबल बीचच्या विख्यात प्रदर्शनात आपल्या गटात दुसरी आली. विशीतील मुलांनी आपल्या आजोबांच्या काळातील गाडी घडवली. आपल्या आयटीआयमध्ये असा एक छोटा अभ्यासक्रम चालवणे अशक्य नाही. शिकवू शकणारे हात अजून आहेत. किती वर्षे असतील, हा प्रश्न आहे.

२०/२०
बाबांना मी होकार दिला आहे. २०२८ मध्ये आमची पद्मिनी ५० वर्षांची होईल आणि अर्जावर माझी सही असेल. मात्र ‘मूळ रूप’ सिद्ध करायचे, तर मूळ रूप कसे होते हे जाणणारा माणूस लागतो. म्हणून मिस्त्रींचे बोलणे मी वहीत उतरवून घेत आहे. ८४ पाने भरली आहेत.

आपल्याही गावात असे कोणी असतील : फियाटचे, राजदूतचे, लँब्रेटाचे मिस्त्री. गाडी विकत घेण्याची गरज नाही. एक वही आणि एक रविवार पुरे. जे मिळेल ते या धाग्याखाली अवश्य लिहा. अशा नोंदी एकत्र करण्याचे काम मी करेन.