परक्या संसदेतली उमेदवारी

हडपसरची मुलं परदेशी शिकायला जातात, यात आता कुणाला नवल वाटत नाही. मगरपट्ट्यातल्या कुठल्याही सोसायटीत एम.एस.ला गेलेला एखादा तरी सापडतोच. पण संगणकाऐवजी राज्यशास्त्र शिकायला गेलेल्या मुलीने सुट्टीत तिथल्या खासदाराच्या कार्यालयात इंटर्नशिप धरली, तर घरचे बुचकळ्यात पडतील. ज्या देशात हिला मत नाही, तिथे पत्रं लावून आणि टिपणं काढून हिच्या पदरात काय पडणार? शंका रास्त आहे. माझ्या मते पदरात पुष्कळ पडतं, मात्र ते प्रेक्षक-सज्जात बसून नाही. सभागृहातलं भाषण उभं राहतं ते मागच्या खोलीतल्या कागदांवर, आणि ती खोली आतून पाहायला मिळणं हा या कामाचा खरा मोबदला.

लिओ वराडकरांचं उदाहरण घ्या. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, आई आयरिश. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकशास्त्र शिकत असताना 2000 सालच्या उन्हाळ्यात ते वॉशिंग्टनला कॅपिटॉल हिलवर इंटर्न होते. 2007 साली ते आयर्लंडच्या संसदेत निवडून गेले आणि 2017 साली पंतप्रधान झाले. एखादी परदेशी शिक्षणाची एजन्सी हे जाहिरातीत छापेलही, पण तो हिशेब फसवा आहे. वॉशिंग्टनला जाण्याआधीच, 1999 साली, ते स्थानिक निवडणूक लढवून हरले होते. म्हणजे ओढ आधीची होती. आपलं काहीतरी शोधत गेलेल्यालाच त्या खोलीत काही सापडतं. बाकीच्यांना ओळखपत्र गळ्यात घातलेला फोटो मिळतो. कॅनडाच्या संसदेत 1969 पासून चालत आलेल्या योजनेत तर इंटर्नला काही महिने सत्ताधारी आणि काही महिने विरोधी खासदाराकडे काम करावं लागतं. एकाच आकड्याचे दोन अर्थ दोन्ही बाजूंनी मांडून बघण्याची ही सवय कुठल्याही पाठ्यपुस्तकातून लागणार नाही.

भाषणामागचं हे मागच्या खोलीतलं काम पुण्याला नवीन नाही. 1897 साली तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले लंडनला, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हा त्यांच्यामागे न्यायमूर्ती रानड्यांची शिकवण होती आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी जुळवलेले आकडे होते. जोशी पेशाने सरकारी शाळेतले मुख्याध्यापक. 1902 साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात शिलकी अंदाजपत्रकाचं कौतुक चाललेलं असताना गोखल्यांनी दाखवून दिलं, की ही शिल्लक रयतेच्या सुबत्तेतून आलेली नसून जादा करातून आलेली आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर उतरला. सगळं श्रेय एका भाषणाला देता येणार नाही, पण ते भाषण जोशींच्या आकडेमोडीवाचून उभं राहिलं नसतं, हे नक्की. गोखल्यांचे पुतळे झाले. जोशींचं नाव आज पुण्यातही किती जणांना ठाऊक असेल!

यावर एक आक्षेप वजनदार आहे. आपल्याकडे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून खासदाराचं मत पक्षादेशाला बांधलेलं आहे, आणि दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं शेवटचं खासगी विधेयक 1970 सालचं. मग टिपणं काढणारा सहायक हवाच कशाला? पण पक्षादेश मतदानाला लागतो, प्रश्नोत्तरांना नाही. आणि विभागवार स्थायी समित्यांमधलं काम तर बंद दाराआड, कॅमेऱ्यापासून लांब चालतं. हडपसरचंच बघा. पालिका पुण्याची, लोकसभा मतदारसंघ मात्र शिरूर. एकाच खासदाराला जुन्नरच्या कांद्यापासून भोसरीच्या कारखान्यांपर्यंत आणि हडपसरच्या आयटी पार्कपर्यंत सगळ्यांची बाजू मांडायची असते. इतक्या विषयांची तयारी एकट्याच्या आवाक्यातली नाही.

हे श्रीमंतांच्या मुलांचं काम, असंही म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानेसुद्धा इंटर्नना पैसे देण्यासाठी सदस्यांच्या कार्यालयांना स्वतंत्र तरतूद दिली ती 2019 च्या अंदाजपत्रकात. म्हणून मी क्रम उलटा लावेन. दिल्लीत पीआरएस ही संस्था 2010 पासून लॅम्प फेलोशिप चालवते. पंचविशीच्या आतल्या पदवीधराला एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम करता येतं, आणि मानधनही मिळतं. आधी ते करावं. मग लंडनला किंवा ओटावाला गेलेल्या मुलीला तिथल्या खासदाराच्या टेबलावरची फाइल उघडताना काय विचारायचं, हे कळेल.