पारख

ताईचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत गारखेड्याहून आमच्या जुन्या घरी मुक्कामाला येतो, तेव्हा घरातल्या साऱ्या डब्यांत एका पत्र्याच्या डब्याची बडदास्त सर्वांत अधिक असते. तो डबा चकल्यांचा नव्हे, शंकरपाळ्यांचाही नव्हे. त्यात फुटबॉल खेळाडूंचे पत्ते आहेत. पोरगे अकरा वर्षांचे. पण सावकाराने तिजोरीच्या किल्ल्या उशाखाली घेऊन निजावे, तसे ते हा डबा उशाशी घेऊन निजते.

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या सकाळी, मी फराळ आटोपून ओट्यावर बसलो होतो. भाचा आला आणि एक चकचकीत बंद पाकीट त्याने माझ्यापुढे धरले.

"मामा, या वर्षीची नवी मालिका आली आहे. दिवाळीच्या खाऊचे सगळे पैसे हिच्यात घालू का? आई म्हणते, मामाला विचार. त्याला छपाईतले कळते."

मी मॅट्रिकपाशी थांबलेला मास्तर. एका लहानशा खासगी शाळेत चित्रकला आणि सुलेखन शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या कादंबऱ्यांची पारख वाचक कशी करतात, हे विचारण्याचे धाडस मी सहसा करीत नाही. पण मास्तर होण्यापूर्वी औरंगपुऱ्याच्या बाजूला एका छापखान्यात मी सहा वर्षे काढली आहेत. शाई, कागद आणि कटाई यांविषयी मला कुणी विचारले, की मी अजूनही फुगतो. मी चष्मा पुसला, कपाटातले भिंग काढले आणि न्यायाधीशाच्या थाटात म्हणालो, "फोड पाकीट."

आधी कागद पाहिला. चांगले जाड कार्ड किंचित वाकवून सोडले, की चटकन सरळ होते. हलके असले तर रुसल्यासारखे वाकूनच राहते. मी एक पत्ता वाकवू लागलो, तोच भाचा असा किंचाळला, की स्वयंपाकघरातून ताई धावत आली. ती परीक्षा तिथेच संपली. मग रंग पाहिले. अशी चित्रे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाया एकावर एक छापून उमटतात. एखादी शाई केसभर जरी सरकली, तरी खेळाडूचे ओठ ओठांच्या बाहेर जातात. इथे जुळणी बिनचूक होती. शेवटी कटाई पाहिली. असे कितीतरी पत्ते एका मोठ्या तावावर एकत्र छापतात, आणि तावांची चळत यंत्राच्या पात्याखाली जाते. चळत जराशी हलली, की एका बाजूची किनार जाड आणि दुसरीकडची बारीक होते. सात पत्त्यांपैकी दोघांच्या किनारी अशा वाकड्या निघाल्या.

परदेशांत ही पारख करणाऱ्या कंपन्याच आहेत. चित्र मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्या आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडा आहे का, हे पाहून त्या पत्त्याला १ ते १० असे गुण देतात आणि त्याला प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करतात. हीच कसोटी आम्ही छापलेल्या लग्नपत्रिकांना लावली असती, तर गावातल्या निम्म्या लग्नांचे मुहूर्त टळले असते.

"छपाई चांगली आहे," मी निकाल दिला. "शंभरात ऐंशी गुण."

"पण मामा, किंमत वाढेल का? हा बघा, लिमिटेड एडिशन आहे!"

त्याने डब्यातून सोनेरी झाक असलेला एक पत्ता काढला. मी पत्त्याऐवजी डब्याचे झाकण वाचले. आत एक लिमिटेड एडिशन पत्ता नक्की मिळेल, असे त्यावर ठळक छापलेले होते. मी म्हणालो, "अरे, प्रत्येक डब्यात जो नक्की मिळतो, तो दुर्मिळ कसला? जितके डबे, तितके पत्ते. किती छापले, तो आकडा कुठे आहे?" आकडा नव्हता. काही पत्त्यांच्या पाठीवर मात्र इतक्यांपैकी इतकावा असा अनुक्रम असतो. तिथे निदान छापणाऱ्याने स्वतःला बांधून तरी घेतलेले असते. नुसती सोनेरी शाई म्हणजे शपथ नव्हे.

छापखान्यात काम केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. तावावर एक चित्र चार वेळा लावले आणि दुसरे एकदाच, की झाले दुसरे चौपट दुर्मिळ! टंचाई अशी ठरवून छापता येते. पण जुन्या पत्त्यांची टंचाई कुणी छापलेली नव्हती. १९५८ साली स्वीडनमध्ये विश्वचषक झाला, तेव्हा सतरा वर्षांच्या पेलेचा एक पत्ता तिथल्या अलिफाबोलागेत कंपनीने काढला होता. त्याची एक उत्तम राहिलेली प्रत २०२२ साली तेरा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. तो काढणाऱ्यांनी त्यावर 'दुर्मिळ' असे लिहिले नव्हते. पोरांनी पत्ते हाताळले, दुमडले, हरवले, आणि घर आवरताना आयांनी ते फेकले. उरले ते अमोल झाले.

अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीची हकीगत तर कादंबरीत घालावी अशी आहे. तिचे १९५२ सालचे बेसबॉलचे पत्ते खपले नाहीत. गोदामातली अडगळ काढायची म्हणून साय बर्गर या तिच्याच माणसाने १९६० साली उरलेल्या पेट्या गलबतावर लादून अटलांटिक महासागरात बुडवल्या. त्याच मालिकेतला मिकी मँटल या खेळाडूचा एक पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकला गेला. आणि इतक्या लांब तरी कशाला जा? आमच्याकडून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तिथल्या बाळासाहेब पाटील संग्रहालयात जुन्या वस्तूंची कपाटे आहेत. सातवाहनांच्या काळी या भागात शिशाची आणि पोटीनची नाणी चालत. ती काही राजाच्या खजिन्यात जपण्याजोगी नव्हती. भाजीबाजारातली चिल्लर ती. आज आपण तिच्याकडे काचेआडून पाहतो.

भाच्याचा चेहरा उतरला. त्याला धीर द्यावा म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली आणि झाले उलटेच. पॅनिनी कंपनीच्या २०२२ सालच्या विश्वचषकाच्या अल्बममध्ये ६७० चित्रे चिकटवायची होती, आणि एका पाकिटात पाच चित्रे येत. एकही चित्र पुन्हा आले नाही, तर १३४ पाकिटांत अल्बम भरेल. पण चित्रे पुन्हा पुन्हा येतातच. सगळी चित्रे सारख्या संख्येने छापली आहेत असे धरले आणि कुणाशी अदलाबदल केली नाही, तर सरासरीने सुमारे ९५० पाकिटे लागतात. गंमत पुढेच आहे. शेवटची एकच जागा रिकामी राहिली, तर तेवढ्या एका चित्रासाठी सरासरीने आणखी १३४ पाकिटे फोडावी लागतात. म्हणजे पहिली ६६९ चित्रे एकीकडे आणि हा एकटा शहाणा एकीकडे!

"मग अल्बम भरतो कसा कुणाचा?" त्याने विचारले.

"मित्र असतात म्हणून," मी म्हणालो. "तुझे दुबार ते त्याचे शेवटचे, आणि त्याचे दुबार ते तुझे."

हे ऐकून तो गप्प झाला. मला वाटले, गणित डोक्यावरून गेले. थोड्या वेळाने त्याने डब्याच्या तळाशी असलेल्या रुमालाच्या घडीतून एक पत्ता काढला. कोपरे टोकदार, किनारी चारी बाजूंनी सारख्या, आणि पाठीवर बारीक अक्षरांत अनुक्रमांक. पहिल्याच नजरेत मला कळले, की सगळ्या डब्यात हा एकच पत्ता खरा आहे.

"मोबाइलवर याला खूप किंमत दिसते, मामा."

"ती मागणाऱ्याची किंमत. दुकानदार पाटीवर काहीही लिहील. गल्ल्यात काय पडले ते पाहावे. पण पत्ता चांगला आहे. कुठे मिळाला?"

तो जमिनीकडे बघत राहिला. मग हळूहळू सारे बाहेर आले. त्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर दुसरीतला एक मुलगा राहतो. हा पत्ता त्याच्या पाकिटात निघाला होता. भाच्याने त्याला दहा साधे पत्ते दिले आणि हा एक घेतला. एकाच्या बदली दहा मिळाले, म्हणून ते पोर नाचत घरी गेले.

"त्याला माहीत नव्हते का?"

"त्याने विचारलेच नाही," भाचा म्हणाला.

हे उत्तर मी पूर्वी ऐकले होते, माझ्याच तोंडून. १९९३ साल असेल. मी बारा वर्षांचा होतो, आणि आमच्या गल्लीत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पहिलवानांच्या पत्त्यांचे वेड पसरले होते. पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंड असे आकडे असत, आणि ज्याचा आकडा मोठा, तो समोरच्याचा पत्ता जिंकी. फक्त मानांकनाच्या ओळीत उलटे होते. तिथे १ हा आकडा सगळ्यांत भारी. शेजारचा सात वर्षांचा मुलगा नुकताच खेळू लागला होता. त्याच्याकडे पहिल्या क्रमांकाचा पत्ता होता. मी त्याला सव्विसाव्या क्रमांकाचा दाखवला आणि विचारले, "सव्वीस मोठे की एक?" त्याने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला, हसला, आणि आनंदाने बदली केली. मी खोटे एक अक्षरही बोललो नव्हतो. म्हणून तर ते इतकी वर्षे पुसले गेले नाही. खोटे बोललो असतो, तर माफी मागून मोकळा झालो असतो. पुढच्याच वर्षी त्याच्या वडिलांची बदली झाली. सामानाच्या ट्रकमध्ये पुढे बसून त्याने मला हात हलवला. त्याच्या खिशात तो सव्विसावा पत्ता होता.

भाच्याला मी हे सांगितले. उपदेश केला नाही; दिवसभर वर्गात तोच करतो. इतकेच म्हणालो, "सकाळपासून मी तुला पारख शिकवतो आहे. कागद, कटाई, अनुक्रम, सारे झाले. एक राहिले होते. जे तुला कळले, ते समोरच्याला सांगून टाक, आणि मग सौदा होतो का बघ. झाला, तर तो सौदा. नाही झाला, तर तुझ्या हातातल्या वस्तूची किंमत मोबाइलवर किती का असेना, तिच्यात त्याच्या अजाणपणाचा भाव मिसळलेला आहे."

पाडव्याच्या दिवशी मी त्याला स्कूटरवर बसवून गारखेड्याला नेले. खालच्या मजल्यावरचे ते छोटे पोर नवा सदरा घालून फुलबाजी पेटवत होते. भाच्याने पत्ता पुढे केला आणि पाठ केल्यासारखे सगळे एका दमात सांगितले: आकड्याचा अर्थ, मोबाइलवरची किंमत, आणि आपल्याला ते आधीच माहीत होते हेही. शेवटचे वाक्य बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

पोराने पत्ता उलटसुलट पाहिला आणि खिशात घातला. मग ते आत गेले आणि रबर लावलेली चळत घेऊन आले. आठ पत्ते मोजून परत केले आणि दोन पोटाशी धरून उभे राहिले.

"दादा, हे दोन नाही देणार. यांनी माझा संघ पूर्ण झाला."

"राहू दे," भाचा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तुला अजून कोण कोण लागतात?"

दोघे जिन्यात बसले. मी तिथून निघालो. खाऊचे पैसे? त्याने तीनच पाकिटे घेतली आणि उरलेल्यात आमखास मैदानावर खेळायला एक चेंडू. हा निर्णय त्याचा होता. माझे मत त्याने पुन्हा विचारले नाही.

पहिल्या क्रमांकाचा तो पहिलवान अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. एक कोपरा दुमडलेला, कडा पांढऱ्या पडलेल्या. परीक्षक दहापैकी तीन गुणही देणार नाहीत. ज्याचा तो आहे, तो आता पस्तिशी ओलांडून गेला असेल. दिवाळी अंक वाचण्याची सवय त्याला असली आणि गल्लीतला तो सव्वीस आणि एकचा हिशेब त्याला आठवत असला, तर त्याने मला जरूर कळवावे. त्याचा एक पत्ता माझ्यापाशी आहे. दुसरा नाही.