टेलचा तालुका

तालुक्याबाहेर कुठंही ‘मी सांगोल्याचा’ म्हटलं, की समोरचा लगेच विचारायचा, “म्हणजे एसटीनं फिरणाऱ्या आमदारांच्या तालुक्यातले?” मी हो म्हणायचो. गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, एसटीनं जायचे हे खरंच आहे. पण एसटीनं फिरला म्हणून माणूस एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येत नाही. साधेपणाच्या या गोष्टीनं त्यांचं बाकीचं काम झाकून टाकलं, असं मला कायम वाटत आलंय.

आमचं रान नीरा उजव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. कागदावर लाभक्षेत्रात, पण उन्हाळ्यात चारीत गवत वाळलेलं. पाणी वरच्या तालुक्यांतच जिरायचं. वडिलांचं राजकारण एका वाक्याचं होतं: मत लाल बावट्याला. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून आबासाहेब पहिल्यांदा विधानसभेत गेले, तेव्हापासून घरात हा प्रश्न पुन्हा निघालाच नाही. आमच्या डोळ्यांदेखत पक्ष राज्यभर आटत गेला, सांगोल्यात मात्र टिकला.

गंमत अशी, की बहात्तरच्या दुष्काळात आबासाहेब आमदारच नव्हते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत पडले होते. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. १९७४च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा मागेल त्याला काम म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. गावातला पक्षाचा एक कार्यकर्ता पारावर बसून लोकांना कामाच्या मागणीचा नमुना भरून द्यायचा, पोच घ्यायला लावायचा. पोच हरवली तर वडिलांनाही बोलणी खावी लागायची.

१९७८ साली आणि पुन्हा १९९९ साली आबासाहेब मंत्री झाले. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. याची किंमत तालुक्यानं मोजली, हे कबूल करायला आमच्या लोकांना जड जातं. शेजारच्या तालुक्यांत सत्ताधाऱ्यांचे आमदार, कारखाने, रस्ते. आमची पोरं मुंबई-पुण्याच्या गाडीत. डाळिंबानं पुढं दिवस बरेच बदलले, कारण कमी पाण्यावर येणारं ते पीक. पण तेही विहिरीत घोटभर असेल तरच.

म्हणून १९९५ला मी आबासाहेबांच्या विरोधात उभ्या असलेल्या शहाजीबापू पाटलांना मत दिलं. आबासाहेब १९२ मतांनी पडले. एवढ्या थोड्या फरकात प्रत्येक मत मोलाचं ठरतं, त्यामुळं वडील बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. एकदा तरी सरकारच्या बाजूचा आमदार करून बघायला काय हरकत होती?

मत फिरलं ते पुढच्या चार वर्षांत. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायला सुरुवात केली होती. इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकारात लढलेला तो माणूस, म्हातारपणी पाण्यासाठी उभा राहिला. ट्रॉलीत भाकरी बांधून आम्ही जायचो. व्यासपीठावर पाणी चळवळीतले डॉ. भारत पाटणकर असायचे, आणि आमदारकी गेलेले आबासाहेबही. तिथं ऐकलं, की बच्छावत लवादानं महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलंय. पण २००० साल उलटलं की वाटप पुन्हा उघडता येतं, आणि आपण तर ते पाणी सगळं अडवलेलंच नाही. रडगाणं नव्हतं, हिशेब होता. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं डोंगर चढवायचं आणि खानापूर, आटपाडी करत सांगोल्यात सोडायचं. पहिल्यांदा ऐकताना मला हे गारुड्याचं बोलणं वाटलं होतं. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं आणि टेंभूचं काम कागदावरून जमिनीवर आलं.

१९९९ला मी लाल बावट्यालाच मत दिलं. वडिलांना मुद्दाम सांगितलं नाही.

त्यानंतर सुरू झाला खरा कंटाळवाणा भाग, आणि माझ्या मते आबासाहेबांची आमदारकी तिथंच आहे. अशी योजना कधी एकदम बंद पडत नाही, निधीवाचून झुरत राहते. दर अर्थसंकल्पात तिला किती आले ते बघायचं, सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे सुप्रमा, कुठं अडली ते शोधायचं, पंपांच्या वीजबिलाचं काय ते विचारायचं. याचे फोटो निघत नाहीत. आमच्याकडं मात्र चहाच्या टपरीवर बसलेला माणूससुद्धा ‘सुप्रमा झाली का?’ असं विचारायला लागला. २०१४ साली, वयाची सत्त्याऐंशी उलटल्यावर, लोकांनी त्यांना अकराव्यांदा निवडून दिलं.

२०१९ला ते उभे राहिले नाहीत. नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी हरला, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेबांचं निधन झालं. २०२४ला दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, निवडून आले. नातवाला आजोबांच्या नावावर किती दिवस चालवता येईल, यावर टपरीवर आत्तापासून पैजा लागल्यात.

टेंभूचं पाणी आता तालुक्यात येतं. आवर्तन सुटलं की भावकीत पहिलं दार कुणी धरायचं यावरून भांडण ठरलेलं. मागच्या खेपेला चुलतभावानं माझ्याविरुद्ध अर्ज दिला, आणि पोचही घेतली.