विहिरीतला वाटा

तासगाव,
बुधवार, रात्र

चि. सोनूस,



तू पाठवलेले टाइमशेअरच्या कराराचे फोटो मिळाले. मोबाइलवर अक्षर लागेना, म्हणून संध्याकाळी चौकातून प्रिंट काढून आणल्या आणि पेन्सिल घेऊन सगळी पानं दोनदा वाचली. फोनवर तू म्हणालीस, "मामा, ठेवू की रद्द करू, एवढंच सांग." एका शब्दात सांगण्यासारखं ते नाही. फोनवर माझं निम्मं राहून जातं, म्हणून लिहून काढतोय. उद्या सकाळी याचे फोटो पाठवतो. जावईबापूंनाही वाचायला दे, कारण सह्या दोघांच्या आहेत.

आधी तारखेचं बघ. शेवटून तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक कलम आहे. पैसे भरल्यापासून १० दिवसांच्या आत लेखी कळवलं तर सभासदत्व रद्द होतं आणि भरलेली रक्कम परत मिळते. कार्डावरून पैसे गेले रविवारी. रविवार धरला तर मंगळवार दहावा येतो, सोमवारपासून मोजलं तर बुधवार. त्या वादात तू पडूच नकोस. जे काही ठरवायचं ते परवा, शुक्रवारपर्यंत ठरव.

या १० दिवसांची किंमत ओळख. फ्लोरिडात टाइमशेअर घेणाऱ्याला १० दिवसांत माघार घ्यायचा हक्क कायद्यानेच दिला आहे आणि तो कुणी लिहून घेऊनही काढून घेऊ शकत नाही. युरोपात १४ दिवस आहेत आणि तेवढ्या दिवसांत कंपनीला एक पैसाही घेता येत नाही. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. आपला आधार म्हणजे करारात जे छापलंय ते, आणि त्याच्या मागे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. अकरावा दिवस उजाडला की तुझ्या हातात राहील ती तक्रार. ती लढता येते, पण तिला महिने लागतात, वर्षंही लागतात.

रविवारचं तू जे सांगितलंस ते ऐकताना मला २००६ चं कोल्हापूर आठवत होतं. तुम्ही मॉलमध्ये कूपन भरलं, चार दिवसांनी फोन आला, बक्षीस लागलंय, पण नवराबायकोने जोडीने यायचं. आम्हालाही असंच हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. गोल टेबलं, सरबत, पडद्यावर धुक्यातले डोंगर. आमच्या टेबलावरचा मुलगा पंचविशीचा असेल. त्याने कोरा कागद घेतला आणि आकडे उलटे लिहायला सुरुवात केली, म्हणजे समोर बसलेल्या मला ते सुलटे दिसावेत. आज हॉटेलची खोली इतक्याला, दर वर्षी १० टक्के वाढ, २५ वर्षांनी इतक्याला. बँकेत तीस वर्षं आकडेमोड केलेला माणूस मी, पण त्या उलट्या लिहिलेल्या सुबक आकड्यांकडे बघत राहिलो. त्याने ज्या खोलीच्या भाड्यापासून सुरुवात केली होती, तितकं भाडं भरून मी आयुष्यात कधी राहिलो नव्हतो. हे मला घरी आल्यावर सुचलं. शेजारच्या टेबलावर कुणी सही केली की सगळे टाळ्या वाजवत होते. तुझी मामी माझ्या कानात म्हणाली, "उद्या कळवतो म्हणा." तो म्हणाला, हा भाव आजचाच आहे. आणि मी सही केली.

मी पश्चात्तापाने बोलतोय असं समजू नकोस. २००९ साली आम्ही कूर्गला गेलो होतो. खोलीला लागून छोटं स्वयंपाकघर होतं, आणि मामीने इथून नेलेले शेंगदाणे घालून पोहे केले. मग ती बाल्कनीत जाऊन बसली. समोर कॉफीचा मळा, पाऊस नुकताच थांबलेला. दोन तास ती उठली नाही, आणि दोन तासांत तिला कुणी हाक मारली नाही. लग्नाला तेव्हा २६ वर्षं झाली होती, आणि तिला असं बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. ते दिवस मला पैशांत मोजता येत नाहीत. म्हणून ही सगळी फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. खोल्या खरोखर असतात, चांगल्या असतात.

पण सोनू, १९ वर्षांत आम्ही गेलो चार वेळा.

का, ते सांगतो. तुला आपल्या मळ्यातली विहीर आठवते ना? माझ्या आजोबांची आणि त्यांच्या तीन भावांची ती सामाईक. प्रत्येकाचा चार आणे वाटा, आठ दिवसांची फिरती, दोन-दोन दिवसांची पाळी. त्यातली एक पाळी आमची. ती आली की दादा रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे, कितीही थंडी असली तरी. कारण पाळी म्हणजे पाणी नव्हे. पाळी म्हणजे पाणी घ्यायचा वेळ. त्या वेळी मोटर जळालेली असली, लाइट गेलेली असली किंवा माणूस तापाने पडलेला असला, तर पाणी विहिरीतच राहतं आणि पाळी पुढच्याकडे जाते. तरी तिथे आपलीच माणसं होती. "अण्णा, या खेपेला तुमची पाळी मला द्या, पुढची तुम्ही घ्या," एवढ्या शब्दावर काम व्हायचं. आणि तो वाटा सातबाऱ्यावर इतर हक्कांत लिहिलेला होता. जमीन विकली तर तिच्याबरोबर वाट्याचेही पैसे मिळायचे.

तू घेतलंस ते पाळीसारखंच आहे. पण त्याला ना सातबारा आहे, ना अण्णा. २५ वर्षं, दर वर्षी ७ रात्री वापरायचा हक्क. खोलीत, इमारतीत, जमिनीत तुझा वाटा एक इंचाचाही नाही, करारात तसं स्पष्ट लिहिलंय. मुदत संपली की हक्क संपला. आणि मधे विकायचा म्हटलास तर घेणारा मिळत नाही. मला एकदा फोन आला होता, "तुमची मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कागदपत्रांचे १८,००० आधी भरा." मी भरले. दुसऱ्या दिवसापासून तो नंबर बंद. पुढेमागे असा फोन तुलाही येईल, तेव्हा लक्षात ठेव.

माझ्या पाळीला मी विहिरीवर नसायचो. बँकेत मार्चअखेर हलायचं नाव नाही. मे महिन्यात पोरांना सुट्टी, तर तेव्हा खोल्या भरलेल्या. दिवाळीत मामीच्या माहेरचं. जुलैत खोली मिळायची, तेव्हा शाळा. न वापरलेल्या रात्री पुढे सरकायच्या आणि काही वर्षांनी बाद व्हायच्या. आणि वार्षिक देखभालीचं बिल, गेलो काय न गेलो काय, दर वर्षी वेळेवर. तीन वर्षं मी रागाने भरलंच नाही. मग खोली हवी झाली तेव्हा थकबाकी व्याजासकट भरावी लागली.

आता तुझ्या आकड्यांकडे येतो. किंमत ४,५०,०००. त्यातले ६७,५०० तू भरलेस, राहिलेल्या ३,८२,५०० चे ४८ हप्ते, १०,६४५ चा एक. गुणून बघ, ५,१०,९६० होतात. म्हणजे हप्त्यांपायीच १,२८,४६० वर जातात. रविवारी तुमच्या टेबलावर बसलेल्या पोराने हा आकडा कागदावर लिहिला होता का? ते व्याज बाजूला ठेवू. समजा तू साडेचार लाख रोख दिलेस. तेच बँकेत ७ टक्क्यांनी ठेवून २५ वर्षांत मुद्दलासकट संपवायचे म्हटलं, तर वर्षाला सुमारे ३८,६०० हातात येतात. देखभालीचे २०,००० अधिक जीएसटी, २३,६००. एकूण ६२,२००. सातही रात्री राहिलीस तर रात्रीला ८,९०० च्या आसपास. ऐन हंगामात, पाच माणसांना, स्वयंपाकघरासह, चांगल्या ठिकाणी असेल तर हा भाव काही अन्यायाचा नाही. तीनच रात्री राहिलीस तर रात्र २०,७०० ला पडली. आणि देखभाल वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली तर १२ वर्षांत ती दुप्पट होते. करारात वाढीला वरची मर्यादा मला कुठे सापडली नाही.

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते तू सातही रात्री जाऊ शकशील का, यावर. याचं उत्तर पान ९ वरच्या तक्त्यात आहे. तो तक्ता त्यांनी रविवारी तुम्हाला उघडून दाखवला नसणार.

तू घेतलेला रंग, म्हणजे हंगामाचा दर्जा, वरून दुसरा आहे. थंड हवेच्या ठिकाणांसाठी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे आठवडे, दिवाळीचा आठवडा आणि नाताळ ते नववर्ष, हे सगळे पहिल्या रंगात आहेत. दुसऱ्या रंगाला ते मिळत नाहीत. "उपलब्ध असेल तर मेमध्येही मिळेल," असं तो रविवारचा पोरगा म्हणाला हे खरं असेल, पण तसं करारात नाही. उलट, तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही, असं कलम आहे. आणि सोनू, तू शाळेत शिकवतेस. तुला सुट्टी मेची आणि दिवाळीची. तुझ्या पोरीलाही तीच. जे आठवडे तुला मोकळे, नेमके तेच तू घेतलेले नाहीस.

रविवारी रात्री तू फोनवर म्हणालीस ते माझ्या मनातून जात नाही. "मामा, आम्ही कुठे जातच नाही. पैसे अडकले तर तरी जाऊ." पाच वर्षांत तुम्ही तिघं एकदाही बाहेर पडला नाहीत, सासूबाईंचं आजारपण, घराचे हप्ते, हे सगळं मला माहीत आहे. त्या हॉलमध्ये तू खोली विकत घ्यायला गेली नव्हतीस. आपण जाऊ, हे कुणीतरी पक्कं करून द्यावं म्हणून तू सही केलीस. मीही त्यासाठीच केली होती. पण ते पैसे मला घरातून बाहेर काढू शकले नाहीत. फक्त प्रत्येक न गेलेल्या वर्षी वाईट वाटायला एक बिल मिळालं. माझं मत विचारशील तर रद्द कर.

ठरलं तर असं कर. करारावर जो ईमेल दिलाय त्यावर चार ओळी लिही: सभासद क्रमांक, सहीची तारीख, कलमाचा आकडा, "सभासदत्व रद्द करत आहोत, संपूर्ण रक्कम परत करावी." कारण देऊ नकोस, कारण दिलं की चर्चा सुरू होते. तोच मजकूर दोघांच्या सह्यांनी स्पीड पोस्टाने पाठव, पोचपावती माग. फोनवर कळवलेलं धरू नकोस. मेल गेला की तुला फोन येईल. साहेब बोलतील, फार गोड बोलतील, वरचा रंग थोडक्यात देतो म्हणतील, दोन रात्री जादा देतो म्हणतील. "लेखी पाठवा," एवढंच म्हण. बक्षीस म्हणून दिलेलं ते तीन दिवसांचं व्हाउचर वापरू नकोस, परत कर. ते वापरलं तर रद्द करता येत नाही, असं रद्द करायच्या कलमाच्याच पानावर खाली आहे.

एक गोष्ट बँकेतला माणूस म्हणून बजावून सांगतो. हप्त्यांचं कर्ज दुसऱ्या वित्तसंस्थेचं आहे, कंपनीचं नाही. रागावून हप्ता थांबवू नकोस, तुझा सिबिल खराब होईल आणि उद्या दुसऱ्या कर्जाच्या वेळी तो पुढे येईल. रद्द केलंस की त्या संस्थेलाही त्याच दिवशी लेखी कळव की खरेदी रद्द केली आहे, आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय विषय संपला असं समजू नकोस.

पैसे अडवले तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याने नाही झालं तर पुण्यातल्याच जिल्हा आयोगात जाता येतं. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तू जिथे राहतेस तिथे तक्रार करायचा हक्क नव्या कायद्याने दिलाय, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. त्यासाठी आजच एक काम कर. रविवारी कोण काय म्हणालं ते दोघांनी वेगवेगळं लिहून काढा, वेळेसकट. महिन्याभराने ते असं आठवणार नाही.

आणि ठेवायचंच ठरवलंत, तर मी एका शब्दानेही टोकणार नाही. पण मग आधी त्यांच्याकडून मेलवर लिहून घे की पुढच्या मेमध्ये, तुझ्या सुट्टीतल्या तारखांना, तुला खोली मिळेल. तेही शुक्रवारच्या आत.

शुक्रवारी मला फोटो पाठव, पोस्टाच्या पावतीचा किंवा त्या मेलचा.

जावईबापूंना नमस्कार, पोरीला पापा.

तुझा,
मामा

ता. क. मामी हे वाचून म्हणाली, यात तिचा निरोप राहिलाच. माझ्या सभासदत्वाची अजून सहा वर्षं आहेत आणि माझा रंग पहिला आहे. तिचे गुडघे आता चढउतार करू देत नाहीत, आणि खोल्या असतात टेकडीवर. या मेमध्ये आमच्या सात रात्री तुम्ही तिघांनी घ्या. पाहुण्यांच्या नावावर बुकिंग चालतं, मी मागे तुझ्या मावसभावासाठी केलं होतं. सुट्टीच्या तारखा कळव, बुकिंगची खिडकी उघडते त्याच दिवशी सकाळी मी बसतो. बेदाणे गाडीने पाठवलेत, स्वारगेटहून घेऊन जा.